समोर नसलेल्या बाईचा अंगठा

कालव्याच्या काठी एक तालुक्याचं गाव होतं. गावात कोर्ट होतं आणि कोर्टाच्या कुंपणाला लागून वकिलांची लहान लहान ऑफिसं होती. त्यांतल्या एका ऑफिसात अनसूयाबाई वाघचौरे नावाच्या नोटरी बसत.

नोटरीचं काम दिसायला सोपं असतं. कुणी प्रतिज्ञापत्र आणतं, कुणी संमतीपत्र. नोटरी सही करतो, शिक्का मारतो, माणूस कागद घेऊन जातो. पण तो शिक्का चार गोष्टी सांगत असतो. हा माणूस माझ्यासमोर आला. तो तोच आहे, याची मी खात्री केली. कागदात काय आहे ते त्याला कळलं. आणि त्यानं आपल्या राजीखुशीनं सही केली. पुढे तो कागद ज्यांच्या हाती पडतो त्यांनी त्या माणसाला कधी पाहिलेलं नसतं. नोटरीनं पाहिलं आहे, एवढ्यावर ते विसंबतात.

अनसूयाबाई स्वभावानं संशयी होत्या. ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा त्या इतका वेळ ताडून बघत की माणूस अवघडून जाई. कागदात कुठे रिकामी जागा राहिली असेल तर तिथे रेघ ओढायला लावत. नवरा-बायको सहीला आले तर नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवत आणि बायकोला म्हणत, "यात काय लिहिलंय, ते तुमच्या शब्दांत सांगा बरं." सख्ख्या भावाचा कागद आला तेव्हा, घरच्या माणसाचा कागद आपण करायचा नसतो, असं सांगून त्यांनी त्याला दुसरीकडे पाठवलं. भाऊ पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलला नाही. जेवायला घरी जातानासुद्धा त्या शिक्का कपाटात ठेवून कुलूप लावत आणि कुलूप ओढून बघत.

गावातले लोक हसून म्हणत, ही बाई उद्या स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागेल.

ज्यांना घाई असे ते चार दारं पलीकडे देवकते वकिलांकडे जात. देवकतेही नोटरी होते. ते हसतमुख होते, चहा पाजत, कुणाला ताटकळत ठेवत नसत. "ओळखीचं कुणी आहे का बरोबर?" एवढंच ते विचारत. ओळखीचं कुणी असलं की काम झालं. माणसानं माणसावर विश्वास ठेवला नाही तर जग चालायचं कसं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मनाचे वाईट नव्हते. त्यांच्या दाराशी नेहमी गर्दी असे आणि अनसूयाबाईंचं बाक बऱ्याचदा रिकामं असे.

एके दिवशी दुपारी अनसूयाबाईंच्या दारात कडूसकर गुरुजी येऊन उभे राहिले.

गुरुजींनी गावातल्या दोन पिढ्या शिकवल्या होत्या. अनसूयाबाई सातवीत असताना त्यांच्या वडिलांनी मुलीची शाळा बंद करायचं ठरवलं होतं. तेव्हा गुरुजी स्वतः घरी येऊन ओट्यावर बसले होते आणि वडिलांनी हो म्हणेपर्यंत उठले नव्हते. आज अनसूयाबाई वकील होत्या, नोटरी होत्या, ते त्या दिवसामुळेच. त्यांनी लगबगीनं उठून खुर्ची दिली.

गुरुजींनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. ते मुखत्यारपत्र होतं. गुरुजींची थोरली बहीण द्वारकाबाई हिनं आपल्या पेरूच्या बागेचे सगळे व्यवहार करण्याचा अधिकार भाचा प्रमोद याला दिला आहे, असं त्यात लिहिलं होतं. प्रमोद म्हणजे गुरुजींचा मुलगा. खाली द्वारकाबाईंचा अंगठा होता आणि 'ओळख देणार' म्हणून गुरुजींची वळणदार सही होती.

गुरुजींनी हळू आवाजात सगळं सांगितलं. अक्काला उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बागेतल्या खोलीत ती एकटी राहायची, ती आता त्यांच्या घरी अंथरुणाला खिळून आहे. बागेला पाणी द्यायला, माल विकायला कुणीतरी हवं. प्रमोद करतो म्हणाला. अक्काला इथवर आणणं शक्य नाही, तेव्हा तेवढा शिक्का मारून दे.

अनसूयाबाईंनी कागद वाचला. पाणी देणं आणि माल विकणं त्यात होतं. बाग विकण्याचा अधिकारही होता.

"हे तुम्हाला माहीत आहे, गुरुजी?"

सगळे व्यवहार म्हटलं की तेही आलंच, अशी भाषा असते असं प्रमोद म्हणाला, असं गुरुजींनी सांगितलं. मग अनसूयाबाईंनी अंगठा कुणी घेतला ते विचारलं. प्रमोदनं घेतला. त्या वेळी गुरुजी कुठे होते? ओसरीवर पेपर वाचत होते. प्रमोदनं कागद बाहेर आणून दिला आणि त्यांनी सही केली.

अनसूयाबाईंनी कागद उजेडाला धरला. अंगठा तिरका उमटला होता, नखाच्या कडेनं. स्वतःहून अंगठा टेकवणाऱ्या माणसाचा ठसा असा क्वचित येतो. झोपलेल्या माणसाचा हात उचलून टेकवला तर असा येऊ शकतो. दुबळ्या माणसाचाही येऊ शकतो. नुसत्या ठशावरून काही सांगता येत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "अक्का समोर असल्याशिवाय मला शिक्का मारता येणार नाही. त्यांना आणू नका, मी उद्या सकाळी घरी येते."

गुरुजींनी कागदाची घडी केली. ते रागावले नाहीत. पण आपल्या हातचं काही खोटं ठरल्यासारखा त्यांचा चेहरा उतरला. अनसूयाबाईंनी चहा सांगितला होता, तो यायच्या आत ते निघून गेले.

त्या संध्याकाळी अनसूयाबाईंना चैन पडेना. ज्यांच्यामुळे आपण इथे बसलो, त्यांना आपण रिकाम्या हातानं परत पाठवलं, याची त्यांना लाज वाटत होती. आणि त्याहून मोठी लाज दुसऱ्याच गोष्टीची होती. गुरुजी इतक्या दिवसांनी आले ते नेमके जुन्या उपकाराची आठवण व्हावी असे का आले? शिक्का हवा होता, तर घरी ये असं त्यांनीच का म्हटलं नाही? बाग विकायचा अधिकार त्यांच्या खरंच ध्यानात आला नव्हता, की आला नाही असं दाखवत होते? देवासारख्या माणसाबद्दल हे मनात येतंच कसं, असं त्या स्वतःला विचारत. पण आलेलं जात नव्हतं.

सकाळी त्या गुरुजींच्या घरी गेल्या. ओसरीवर प्रमोद उभा होता. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. आत्या आत्ताच झोपली, असं तो म्हणाला. अनसूयाबाईंनी ओसरीवर बसून घेतलं. थोड्या वेळानं आतून भांड्यांचा आवाज आला. त्यांनी चौकशी केली तेव्हा प्रमोद म्हणाला, आत्याचं अंग पुसणं चाललंय. आणखी थोड्या वेळानं म्हणाला, डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका असं सांगितलंय. झोपलेल्या बाईचं अंग पुसणं चाललं होतं आणि काल ज्यांच्याबद्दल गुरुजी चकार शब्द बोलले नव्हते त्या डॉक्टरांची आज मनाई होती.  अनसूयाबाई बसून राहिल्या.

शेवटी गुरुजीच बाहेर आले. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ती आलीय तर भेटू दे."

आतल्या खोलीची खिडकी बंद होती. पलंगावर द्वारकाबाई उशीला टेकून पडल्या होत्या. उन्हानं रापलेला, सुकलेला चेहरा, पण डोळे टक्क जागे. त्यांची मान सारखी हलत होती, झटक्यानंतर राहिलेल्या कंपामुळे. प्रमोद पुढे झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "आत्या, मॅडम आल्यात. बागेच्या कागदाचं. तुझी काही हरकत नाही ना?"

मान हलत होती, तशीच हलत राहिली.

"बघा, हो म्हणतेय," प्रमोद म्हणाला.

अनसूयाबाईंनी दोघांनाही बाहेर जायला सांगितलं. प्रमोदला ते पटलं नाही. आजारी माणूस आहे, तिला काय हवं नको ते घरच्यांनाच कळतं, असं तो म्हणाला. अनसूयाबाईंनी पिशवी उचलली. आपण बाहेर जाणार नसाल तर मी जाते, कागद तसाच राहील, असं त्यांनी सांगितलं. गुरुजींनी प्रमोदच्या दंडाला धरलं आणि ते त्याला बाहेर घेऊन गेले.

अनसूयाबाईंनी दार लोटलं, खिडकी उघडली आणि पलंगाशी स्टूल ओढून बसल्या. आपलं नाव सांगितलं, आपण कशासाठी आलो ते सांगितलं. मग कागद वाचून दाखवला, आणि कायद्याची भाषा बाजूला ठेवून म्हणाल्या, "द्वारकाबाई, या कागदानं प्रमोदला तुमची बाग विकता येईल. तुम्हाला न विचारता."

म्हातारीची मान हलत राहिली. पण तिचा डावा हात, जो अजून चालत होता, तो चादरीवर होता. त्याची मूठ झाली. अंगठा मुठीच्या आत गेला आणि बोटं त्याच्यावर घट्ट मिटली.

अनसूयाबाईंनी ते पाहिलं. पण आपल्याला जे हवं तेच आपण बघत असू, हा संशयही त्यांना आला. अर्धांगाच्या आजारात मुठी आपोआप आवळतात. कालपासून आपल्या मनात किल्मिष आहे. किल्मिषाला मूठ दिसली की नकार दिसायचाच.

म्हणून त्यांनी बाजूच्या तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून पुढे केलं. मूठ उघडली. द्वारकाबाईंनी फुलपात्र धरलं, दोन घोट घेतले. अनसूयाबाईंनी भांडं ठेवून पिशवीतलं शाईचं पॅड काढून चादरीवर ठेवलं. मूठ मिटली, अंगठा आत. त्यांनी पॅड उचललं आणि उशाशी पडलेली फणी पुढे केली. हात उघडला, फणी घेतली. पुन्हा पॅड ठेवलं. फणी टाकून हात मिटला.

तरी त्यांचं समाधान झालं नाही. आतापर्यंत नकाराचीच खूण पाहिली होती. त्यांनी प्रश्न उलटा करून विचारला, "बाग तुमच्याकडेच राहावी असं वाटत असेल, तर हात माझ्या हातात द्या."

म्हातारीनं हात पुढे केला आणि अनसूयाबाईंचा हात धरला. तो हात खरबरीत होता, आणि सोडायला तयार नव्हता. अंगठ्याच्या नखाशी निळी शाई वाळून बसली होती. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिच्याकडे दुसरा हात नव्हता.

अनसूयाबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले. मग दार उघडून त्यांनी गुरुजींना आत बोलावलं आणि त्यांच्यादेखत सगळं पुन्हा केलं. पाणी, पॅड, उलटसुलट प्रश्न. प्रमोद दारातून म्हणाला की याला काही अर्थ नाही, हा आजारच असा आहे.  गुरुजी भिंतीला टेकून उभे होते ते हळूच खाली बसले.

अनसूयाबाईंनी आपल्या नोंदवहीत तिथेच बसून लिहिलं, की आज आपण या घरी आलो, बाई अंथरुणात होत्या, त्यांची कागदाला संमती दिसली नाही, म्हणून शिक्का मारला नाही. गुरुजींनाही त्याखाली सही करायला सांगितली. त्या उठेपर्यंत प्रमोद कागद घेऊन मोटारसायकलवरून निघून गेला होता.

तो थेट देवकते वकिलांकडे गेला.

देवकत्यांच्या दारात नेहमीसारखी गर्दी होती. त्यांनी कागद चाळला. बाई आजारी आहेत, येऊ शकत नाहीत, हे ऐकून त्यांनी हळहळ व्यक्त केली. मग खालची सही पाहिली.

"अरे, गुरुजींची सही आहे. मग झालं की."

त्यांनी शिक्का मारला. शिक्क्यासोबत नेहमीचा मजकूर आला, की आज रोजी सदर बाईंनी माझ्यासमक्ष हजर राहून अंगठा उमटवला. देवकत्यांनी आपल्या वहीतही तसंच लिहिलं. रोज लिहून लिहून हाताला ते वळण पडलं होतं. ज्या सकाळी द्वारकाबाई पलंगावर पडून अनसूयाबाईंचा हात धरून होत्या, त्याच सकाळी त्या देवकत्यांच्या ऑफिसात चालत आल्या, असं त्या कागदावर झालं.

बागेच्या कडेनं नवा मोठा रस्ता गेला होता. शहरातल्या एका गिऱ्हाइकाला तिथे मंगल कार्यालय बांधायचं होतं आणि प्रमोदनं त्याला शब्द देऊन ठेवला होता. प्रमोदला आपण पाप करतो असं वाटत नव्हतं. आत्या आता काही उठत नाही, बाग वाळून चाललीय, तिच्या औषधपाण्याचं आपणच बघतो, मग जमीन पडून का राहावी, असा त्याचा हिशेब होता. आत्याला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणून त्यानं विचारलं नाही.

काही दिवसांनी बागेत चुन्याच्या खुणा पडल्या. शेजारच्या शेतकऱ्यानं ते गुरुजींना येऊन सांगितलं. गुरुजींनी मुलाला समोर बसवून विचारलं. प्रमोदनं काही लपवलं नाही. लपवायची गरजच त्याला वाटली नाही.

"कागद पक्का आहे, बाबा. आणि त्याच्यावर तुमचीच सही आहे. आता नाही म्हणालात, तर लोक म्हणतील, कडूसकर गुरुजींनी खोटी साक्ष दिली."

गुरुजींचं सगळं आयुष्य त्यांच्या नावावर उभं होतं. कुणाला नोकरीला चिठ्ठी हवी असो, कुणाला सोयरिकीची चौकशी करायची असो, कुणाच्या वाटणीचा वाद असो, गुरुजींनी म्हटलं म्हणजे खरं, असं गाव मानत आलं होतं. ते नाव आता मुलाच्या हातात होतं. गप्प राहिलं तर नाव राहणार होतं आणि बाग जाणार होती. बोललं तर नाव जाणार होतं, आणि मुलगाही.

ते दिवसभर बहिणीच्या खोलीत बसून राहिले. संध्याकाळी अनसूयाबाईंच्या ऑफिसात गेले. या वेळी त्यांनी खुर्ची घेतली नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आपण न बघता सही केली, आता काय करायचं, असं विचारलं.

अनसूयाबाईंनी त्यांना दिलासा दिला नाही आणि दोषही दिला नाही. त्या म्हणाल्या, "जे पाहिलंत ते सांगा. जे पाहिलं नाहीत ते पाहिलं नाही म्हणून सांगा. दोन्ही लिहून द्या."

गुरुजींनी आपल्या हातानं अर्ज लिहिला. बहिणीचा अंगठा घेतला जात असताना आपण ओसरीवर होतो. ओळख देणार म्हणून केलेली सही न बघता केली आहे. बहिणीची बाग द्यायची इच्छा नाही, हे आपण नंतर डोळ्यांनी पाहिलं आहे. अनसूयाबाईंनी तो त्यांना मोठ्यानं वाचायला लावला, त्यांचं ओळखपत्र मागून घेतलं आणि त्यांच्या शाळेतल्या वळणाच्या सहीखाली आपला शिक्का मारला. ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडेच ओळखपत्र मागणं त्यांना जड गेलं, पण त्यांनी ते मागितलं.

अर्ज जमिनीच्या खरेदीची नोंद होते त्या कचेरीत गेला आणि व्यवहार थांबला. मग चौकशी लागली. चौकशीच्या अधिकाऱ्यासमोर देवकते वकिलांना उभं राहावं लागलं. बाई कधी तुमच्या ऑफिसात आल्या, असं त्यांना विचारलं गेलं. त्यांनी घाम पुसला. आपण कुणाकडून काही घेतलं नाही, आपल्या मनात काळंबेरं नव्हतं, असं ते कळवळून सांगत होते, आणि ते खरंही होतं.

"मी गुरुजींच्या नावावर विश्वास ठेवला, साहेब."

अधिकारी म्हणाले, "ठेवा की. पण तुम्ही गुरुजींवर विश्वास ठेवला असं लिहिलेलं नाही. बाईंना पाहिलं असं लिहिलंय."

 देवकत्यांचं नोटरीचं काम काढून घेण्यात आलं. त्यांच्या दाराची गर्दी ओसरली, आणि ज्यांनी ज्यांनी त्यांच्याकडून घाईनं कागद करून घेतले होते, ते आपापले कागद काढून काळजीनं बघू लागले. कुणाचं प्रतिज्ञापत्र होतं, कुणाचं भाडेपत्र. त्यातलं किती टिकेल, कुणालाच सांगता येईना.

मुखत्यारपत्र रद्द झालं. प्रमोदवर गुन्हा नोंदला गेला. गिऱ्हाईक निघून गेलं. प्रमोद बायको-मुलांना घेऊन वेगळं बिऱ्हाड करून राहिला आणि बापाच्या घराकडे फिरकेना. गुरुजींनाही सोपं गेलं नाही. कचेरीत त्यांना उभं करून विचारलं गेलं, की शिकलेसवरलेले असून तुम्ही न बघता सही कशी केलीत. बाजारात माणसं त्यांना नमस्कार करत, पण आधीसारखी थांबत नसत. कुणी मागून बोलतही असेल. गुरुजी मान खाली न घालता बाजारातून जात आणि बहिणीसाठी फळं घेऊन येत.

द्वारकाबाईंची वाचा काही परत आली नाही. पण थंडीच्या दिवसांत त्या काठीच्या आधारानं चार पावलं टाकू लागल्या. शेजारच्या शेतकऱ्यानं बाग अर्धेलीनं, निम्म्या उत्पन्नाच्या बोलीवर, करायला घेतली. त्याचा कागद अनसूयाबाईंकडेच झाला. या वेळी द्वारकाबाई रिक्षातून स्वतः आल्या. अनसूयाबाईंनी सगळ्यांना बाहेर बसवलं, कागद वाचून दाखवला, प्रश्न सुलटा विचारला आणि उलटाही विचारला. मग पॅड पुढे केलं. द्वारकाबाईंनी आपला अंगठा आपण पॅडवर टेकवला आणि आपणच उचलून कागदावर ठेवला. ठसा गोल आणि स्वच्छ उमटला.

काम आटोपल्यावर बहिणीला रिक्षात बसवून गुरुजी परत आत आले. थोडा वेळ उगाच टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. मग म्हणाले, "अनसूया, एक विचारू का? मी पहिल्यांदा कागद घेऊन आलो, तेव्हा तुला माझाही संशय आला होता का?"

नाही म्हटलं असतं तर म्हाताऱ्या माणसाला बरं वाटलं असतं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. उत्तर टाळताही आलं असतं.

"आला होता, गुरुजी," अनसूयाबाई म्हणाल्या. "रात्रभर आला होता."

गुरुजींनी मान डोलावली. ते दारापर्यंत गेले आणि चौकटीला हात लावून थांबले.

"मला प्रमोदचा यायला हवा होता," ते म्हणाले. "पण बापाला येत नाही. म्हणून तर मधे कुणी परकं माणूस लागतं."

तात्पर्य: विश्वास ज्याच्यावर हवा त्याच्यावर ठेवावा, पण साक्ष मात्र आपल्या डोळ्यांनी पाहिल्याचीच द्यावी. न बघता दिलेलं भल्या माणसाचं नावसुद्धा लबाडीच्या कामी येतं.